मते लोकांची, निवड इलेक्टरांची

4 सप्टेंबर 1787. फिलाडेल्फियाच्या स्टेट हाउसमध्ये संविधान परिषद भरून सव्वातीन महिने उलटले होते. प्रतिनिधी कंटाळले होते, काही जण केव्हाच घरी परतले होते, आणि नव्या देशाचा राष्ट्राध्यक्ष निवडायचा कसा हा प्रश्न तसाच पडून होता. त्या दिवशी न्यू जर्सीच्या डेव्हिड ब्रेअरली यांनी एका समितीचा अहवाल मांडला. राहून गेलेले विषय निकाली काढण्यासाठी 31 ऑगस्टला ही समिती नेमली गेली होती. अकरा राज्यांचा प्रत्येकी एक सदस्य तिच्यावर होता. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आज ज्या इलेक्टोरल कॉलेजकडून निवडला जातो, त्याचा जन्म या अहवालात झाला.

समितीची योजना अशी होती. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत मिळून ज्या राज्याचे जितके सदस्य, तितके त्याला इलेक्टर. ते नेमायचे कसे, हे ज्या त्या राज्याच्या विधिमंडळाने ठरवायचे. सर्व इलेक्टरांनी एकाच दिवशी, पण आपापल्या राज्यात जमून मते द्यायची, म्हणजे कटकारस्थानाला जागा राहणार नाही. प्रत्येकाने दोन नावे लिहायची, त्यांतले निदान एक परराज्यातले हवे. कुणालाच बहुमत मिळाले नाही तर सिनेट निवड करील. या शेवटच्या कलमावरून वाद झाला आणि दोनच दिवसांनी, कनेटिकटच्या रॉजर शर्मन यांच्या सूचनेवरून, तो अधिकार प्रतिनिधिगृहाकडे गेला. तिथे प्रत्येक राज्याला एकच मत, मग ते राज्य व्हर्जिनिया असो वा डेलावेअर.

व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांनी चर्चेत बोलून दाखवले की वीसपैकी एकोणीस वेळा निवड इलेक्टरांच्या हातून होणारच नाही, ती सिनेटकडे जाईल. प्रत्येक राज्य आपापल्या माणसाला मत देणार, मते विखुरणार आणि इलेक्टर फक्त नावे सुचवणार, हे परिषदेतल्या पुष्कळांनी गृहीत धरले होते. म्हणजे आजची पद्धत त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतीच. घटनाकारांच्या दूरदृष्टीचे दाखले देणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यायला हवे.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. राज्यघटनेच्या कलमांना ही सवलत देता येत नाही. एखादी पद्धत न्याय्य की अन्याय्य याचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतो, तेव्हा ती कोणत्या अडचणीतून निघाली हे पाहावेच लागते.

इलेक्टरांमार्फत निवड ही कल्पना अमेरिकेत अगदी नवी नव्हती. मेरीलँडच्या 1776 च्या घटनेत राज्याच्या सिनेटचे पंधरा सदस्य मतदार थेट निवडत नसत. मतदारांनी निवडलेले इलेक्टर ॲनापोलिसला जमून त्यांची निवड करीत. फिलाडेल्फियात ही कल्पना पहिल्यांदा मांडली ती पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सन यांनी, 2 जूनला. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की विल्सन यांना मुळात हवी होती थेट लोकांकडून निवड. आदल्याच दिवशी ते तसे बोलले होते. ती मान्य होत नाही असे दिसल्यावर त्यांनी राज्यांचे मतदारसंघ पाडून इलेक्टर निवडायचा पर्याय पुढे केला. तोही फेटाळला गेला. परिषदेचा कल होता काँग्रेसनेच राष्ट्राध्यक्ष निवडावा असा. पण मग तो काँग्रेसच्या हातचे बाहुले होईल, या भीतीने तो निर्णयही पक्का होईना.

17 जुलैला गव्हर्नर मॉरिस यांनी (गव्हर्नर हे त्यांचे नाव, पद नव्हे) थेट निवडणुकीचा ठराव आणला. एकट्या पेनसिल्व्हेनियाने त्याला पाठिंबा दिला, नऊ राज्ये विरोधात गेली. मेसन म्हणाले की राष्ट्राध्यक्षाची निवड लोकांवर सोपवणे म्हणजे रंगांची पारख आंधळ्यावर सोपवणे. आज हे वाक्य उद्दाम वाटते. पण त्यांचे कारण देशाच्या विस्ताराचे होते. राष्ट्रीय पक्ष नव्हते, बातमी घोड्याच्या आणि शिडाच्या वेगाने जायची, जॉर्जियातल्या शेतकऱ्याला न्यू हॅम्पशरचा उमेदवार कसा कळावा? त्या काळापुरते हे कारण खरे होते.

दुसरे कारण दोन दिवसांनी जेम्स मॅडिसन यांनी सांगितले. लोकांनी थेट निवड करणे हेच तत्त्वतः सर्वांत योग्य, असे ते म्हणाले. अडचण एक होती. मताधिकार उत्तरेत जास्त पसरलेला होता, दक्षिणेत कमी, आणि गुलामांमुळे दक्षिणेला थेट निवडणुकीत वजनच राहिले नसते. इलेक्टर नेमले की ही अडचण दूर होते, असे मॅडिसन यांनी सभागृहात स्पष्ट सांगितले. ते स्वतः व्हर्जिनियाचे आणि गुलामांचे मालक होते.

ही अडचण दूर होत होती ती एका जुन्या हिशेबाच्या जोरावर. 12 जुलैला परिषदेने प्रतिनिधिगृहाच्या जागांसाठी पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असे धरले होते. इलेक्टरांची संख्या काँग्रेसच्या सदस्यसंख्येशी बांधल्याबरोबर हा तीन पंचमांशाचा हिशेब राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही शिरला. गुलामाला मत नव्हते, पण त्याच्या देहामुळे मालकाच्या राज्याचे वजन वाढत होते. 1800 च्या जनगणनेत पेनसिल्व्हेनियात स्वतंत्र माणसे व्हर्जिनियापेक्षा जास्त होती. तरी 1804 च्या निवडणुकीत व्हर्जिनियाला 24 इलेक्टर मिळाले, पेनसिल्व्हेनियाला 20. पहिल्या 36 वर्षांपैकी 32 वर्षे राष्ट्राध्यक्षपदी व्हर्जिनियाचा माणूस होता: वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, मन्रो. चौघेही गुलामांचे मालक.

इलेक्टोरल कॉलेज केवळ गुलामगिरीसाठी निर्माण झाले, असे मी म्हणणार नाही. काँग्रेसवरचा अविश्वास, अंतरे, लहान राज्यांची धास्ती हे सगळे त्यात होते. पण लहान राज्यांच्या रक्षणासाठीच ही योजना झाली, असे आज ठासून सांगितले जाते, ते पुराव्याला धरून नाही. लहान राज्यांना खरा आधार दिला होता प्रतिनिधिगृहातल्या ‘एक राज्य, एक मत’ या तरतुदीने, आणि ती वेळ आजवर दोनदाच आली, 1801 आणि 1825 मध्ये.

या कुळात आणखी एक गोष्ट पुढे मिसळली आणि माझ्या मते खरा घात तिनेच केला. राज्यात ज्याला एक मत जास्त त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर, हा नियम घटनेत कुठेही नाही. 1796 मध्ये व्हर्जिनियात इलेक्टर मतदारसंघवार निवडले गेले. जेफरसन यांना 20 मते मिळाली, पण एक जॉन ॲडम्स यांच्याकडे गेले. देशभरात ॲडम्स 71 विरुद्ध 68 असे जिंकले. पुढची निवडणूक तोंडावर आली तेव्हा, जानेवारी 1800 मध्ये, जेफरसन यांनी व्हर्जिनियाचे गव्हर्नर जेम्स मन्रो यांना पत्र लिहिले. सगळीकडे लागू होत असेल तर मतदारसंघवार पद्धतच उत्तम हे सर्वांना मान्य आहे, पण दहा राज्ये आपली मते एकगठ्ठा देत असताना उरलेल्या सहांनी ती वाटून टाकणे शहाणपणाचे नाही, असा त्यांचा मुद्दा होता. व्हर्जिनियाने त्याच महिन्यात कायदा बदलला. त्याला उत्तर म्हणून ॲडम्स यांच्या मॅसॅच्युसेट्सने इलेक्टर निवडण्याचा हक्क मतदारांकडून काढून विधिमंडळाकडे घेतला. एकाने केले म्हणून दुसऱ्याने, अशी ही साथ पसरली. 1836 पर्यंत साउथ कॅरोलायना सोडून प्रत्येक राज्यात एकगठ्ठा पद्धत आली. साउथ कॅरोलायनात तर यादवी युद्धापर्यंत विधिमंडळच इलेक्टर निवडत राहिले.

1823 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, मॅडिसन यांनी जॉर्ज हे यांना लिहिलेल्या पत्रात नोंदवले की घटना तयार होत असताना मनात होती ती बहुतांशी मतदारसंघवार निवडच. ती परत आणावी असे त्यांचे मत होते. 1813 ते 1822 या काळात सिनेटने तशी घटनादुरुस्ती चार वेळा मंजूर केली, प्रतिनिधिगृहात ती अडली.

परिणाम सर्वांना ठाऊक आहेत. 1876, 1888, 2000 आणि 2016 मध्ये देशभरात कमी मते मिळालेला उमेदवार राष्ट्राध्यक्ष झाला. 2016 मध्ये हा फरक 28 लाखांहून अधिक होता. हा एका पक्षाच्या गाऱ्हाण्याचा विषय नाही. 2004 मध्ये जॉर्ज बुश देशात सुमारे 30 लाख मतांनी पुढे होते, पण ओहायोत 1 लाख 19 हजारांहून कमी मतांनी जिंकले. ते राज्य जॉन केरी यांना मिळाले असते तर राष्ट्राध्यक्षपदही मिळाले असते. 2020 मध्ये जो बायडन 70 लाखांनी पुढे होते, आणि तरी ॲरिझोना, जॉर्जिया, विस्कॉन्सिन मिळून 43 हजारांहून कमी मतांच्या अंतरावर 269-269 अशी बरोबरी उभी होती.

गुलामगिरी 1865 मध्ये गेली, तीन पंचमांश गेले, पण हिशेबाचा अन्याय उलट वाढला. आता दक्षिणेत काळ्या नागरिकांची गणना पुरी होऊ लागली आणि यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा काळ संपल्यावर मतदानाची कर, परीक्षा आणि दहशत यांनी नाकेबंदी झाली. त्यांच्या संख्येवर मिळालेले इलेक्टर गोरे मतदार निवडत होते. हे 1965 च्या मताधिकार कायद्यापर्यंत चालले. थेट निवडणूक झाली असती तर राज्याचे वजन प्रत्यक्ष पडलेल्या मतांवर ठरले असते, आणि लोकांना मतदानापासून अडवण्याचा फायदाच उरला नसता. म्हणून 1969-70 ची लढाई मला या कुळकथेतला सर्वांत दुःखद भाग वाटतो.

1968 मध्ये वंशभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांनी दक्षिणेत 46 इलेक्टर मिळवले. कुणालाच बहुमत न मिळता सौदेबाजी होईल, या भीतीने दोन्ही पक्ष हादरले. सिनेटर बर्च बाय आणि प्रतिनिधी इमॅन्युएल सेलर यांनी थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती आणली. सप्टेंबर 1969 मध्ये प्रतिनिधिगृहाने ती 338 विरुद्ध 70 मतांनी मंजूर केली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पाठिंबा दिला. सिनेटमध्ये साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड, नॉर्थ कॅरोलायनाचे सॅम अर्विन, मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड हे पुढे आले आणि चर्चा लांबवत नेऊन मतदानच होऊ दिले नाही. चर्चा थांबवण्याचा प्रस्ताव 54 विरुद्ध 36 असा पडला. सहा मते कमी होती.

विरोध करणारे सगळेच त्या पठडीतले नव्हते, हेही सांगायला हवे. 1979 मध्ये दुरुस्ती पुन्हा सिनेटमध्ये आली तेव्हा काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या अर्बन लीगचे व्हर्नन जॉर्डन विरोधात होते. मोठ्या राज्यांत काळ्या मतदारांचा एकगठ्ठा पाठिंबा पारडे फिरवू शकतो, ते वजन जाईल, ही त्यांची चिंता होती. देशभर फेरमोजणीची वेळ आली तर काय, हा प्रश्नही पोकळ नाही. आणि संघराज्यात राज्यांना काही स्थान हवे, हे कुणीही समंजस माणूस मान्य करील. ते स्थान सिनेटने दिलेले आहेच. वायोमिंगमध्ये 1 लाख 92 हजार लोकांमागे एक इलेक्टर आणि कॅलिफोर्नियात 7 लाख 32 हजारांमागे एक, हे त्यावर चढवलेले दुसरे वजन आहे.

आपल्याही राष्ट्रपतींची निवड निर्वाचकगण करतो. 1948 च्या अखेरीस संविधान सभेत के. टी. शहा यांनी प्रौढ मताधिकाराने थेट निवडणुकीची दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला, कारण आपल्या राष्ट्रपतींच्या हाती कारभाराची खरी सत्ता नसते. शिवाय आपल्या कलम 55 मध्ये राज्याचे वजन लोकसंख्येवर बेतलेले आहे. 1971 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य 175, गोव्याच्या 20. आणि प्रत्येक आमदाराचे मत त्याचे स्वतःचे राहते, राज्याचा गठ्ठा होत नाही. अप्रत्यक्ष निवडणूक म्हणजे अन्यायच असे नाही. जो देश चालवतो त्याची निवड करताना लाखो मते राज्याच्या सीमेवर शून्य होतात, अन्याय तिथे आहे. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आणि अमेरिकेचे नागरिक झालेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. 2024 मध्ये दोन्ही उमेदवारांचा प्रचार सात राज्यांभोवती फिरला, त्यांत ही दोन्ही नव्हती.

उपाय दोन दिशांनी शोधला जात आहे. मेन आणि नेब्रास्का आपले काही इलेक्टर मतदारसंघवार निवडतात. दुसरीकडे, देशभरात ज्याला सर्वाधिक मते त्यालाच आपले सगळे इलेक्टर द्यायचे, असा करार राज्ये करीत आहेत. 270 इलेक्टरांइतकी राज्ये सामील झाली की तो लागू होईल. मेरीलँड 2007 मध्ये पहिले आले, 2024 मध्ये मेन आल्यावर बेरीज 209 झाली. हा करार न्यायालयात टिकेल का, याबद्दल घटनातज्ज्ञांत मतभेद आहेत. खरा मार्ग घटनादुरुस्तीचाच, आणि त्याला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि 38 राज्यांची संमती लागते. सिनेटमध्ये तिच्यावर शेवटचे मतदान 1979 मध्ये झाले. बाजूने 51, विरोधात 48. बहुमत मिळाले होते, हवी होती आणखी 15 मते.