लोणाचे दोन गुण कोणाचे?

कबड्डीच्या गुणपत्रकात जवळजवळ प्रत्येक गुणाला धनी असतो. चढाईत गडी टिपला की गुण चढाईपटूच्या खात्यात जातो, पकड झाली की पकड करणाऱ्याच्या, आणि बोनस रेषा ओलांडली तर तोही चढाईपटूचाच. समोरचा सगळा संघ बाद झाल्यावर मिळणारे लोणाचे दोन गुण मात्र बेवारस असतात. संघाच्या बेरजेत ते धरले जातात, पण कुणाच्याही नावापुढे लागत नाहीत. प्रो कबड्डीच्या सामन्यात चढाई, पकड, लोण आणि अवांतर असे चार रकाने दाखवतात. त्यातला लोणाचा रकाना खेळाडूंच्या तक्त्यात कधी उतरतच नाही. ही गुणलेखकाची सोय असेल असं कुणालाही वाटेल. माझं म्हणणं वेगळं आहे. ते दोन गुण मुळात दुसऱ्याच खेळातून आलेले आहेत, आणि ज्या हिशेबावर आज खेळाडूंची प्रतवारी होते, त्या हिशेबाहून ते जुने आहेत. खेळाडूला आकड्यांत तोलण्याची पद्धत कुठवर खरी आणि कुठे लंगडी, हे लोणाच्या गुणांच्या कुळापासून सुरुवात केली तर नीट उलगडतं.

कबड्डीचा ठाऊक असलेला इतिहास एका दमात सांगता येतो. गावोगावचा हुतूतू, बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये बांधलेले नियम, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी दाखवलेली प्रात्यक्षिकं, १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेतलं सुवर्णपदक आणि २०१४ पासून प्रो कबड्डी. यातलं अमरावतीचं नाव वऱ्हाडच्या दृष्टीने महत्त्वाचं. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलेल्या या संस्थेने देशी खेळ आखाड्यातून उचलून आखलेल्या मैदानावर आणले. अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचं नेर परसोपंत त्याच टापूत येतं. त्या काळच्या व्यायामसंस्थांत हुतूतू, खो-खो आणि आट्यापाट्या हे तिन्ही खेळ शेजारी शेजारी, बहुधा त्याच पोरांकडून आणि त्याच पंचांकडून खेळले जात. माझ्या तर्काचा पाया हा शेजार आहे.

आट्यापाट्यांत नऊ आडव्या पाट्या असतात आणि त्यांना मधोमध छेदणारी उभी सूरपाटी. एक संघ पाट्या अडवतो, दुसरा त्या ओलांडत पलीकडे जातो. शेवटची पाटी ती लोणपाटी. ती ओलांडणाऱ्याने नुसतं पलीकडे पोहोचून भागत नाही, त्याच पाट्यांमधून परत यावं लागतं. असा परतणारा गडी लोण घेऊन येतो. लोण म्हणजे मीठ. मिठागरावरून मीठ घेऊन, नाकी चुकवत घरी येणाऱ्याचा हा खेळ असावा, असा अर्थ त्यातून सहज निघतो. एकाने लोण आणलं तरी ते साऱ्या संघाचं. कबड्डीत पाहावं तर ना पाटी, ना मीठ, ना परत आणायची कुठली वस्तू. ज्या खेळात लोणाला मैदानावर स्वतःची जागा आहे तो खेळ मूळचा, आणि ज्यात नुसतं नाव आहे तो उसनवार करणारा, हे मला पुरेसं स्पष्ट दिसतं. एक फेरी पुरी होते, डाव नव्याने मांडला जातो, आणि त्या पुऱ्या झालेल्या फेरीला मोजमापाचं एक नाव लागतं. आट्यापाट्यांकडे ते नाव तयार होतं, हुतूतूने ते उचललं.

यावर आक्षेप घेता येतील. पहिला, की लोण म्हणजे मीठ हा अर्थ नंतर चिकटवलेला असेल आणि मूळ शब्द भलताच असेल. इंग्रजी नियमपुस्तकात ‘लोना’ असं छापलं जातं. तेवढ्यावरून कुणी त्याचं नातं इंग्रजी कर्जाशी जोडलं, तर ते हसण्यावारी न्यावं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दृष्ट काढताना लिंबलोण उतरवतात, तर सगळा संघ बाद होणं म्हणजे त्याच्यावरून लोण उतरवणं, असं का नसावं? पण लिंबलोण जपायच्या माणसावरून उतरवतात, हरलेल्यावरून नव्हे, आणि त्यातून लोणपाटीचा उलगडा होत नाही. तिसरी शक्यता म्हणजे एखाद्या गोष्टीचं लोण खेडोपाडी पोहोचलं, हा आपला रोजचा प्रयोग. मला तोही याच खेळातून निघालेला वाटतो, कारण लोण पोहोचवायचं असतं ते एका पाटीवरून दुसऱ्या पाटीपलीकडे. पण या सगळ्या वादाचा निकाल लावणारा पुरावा मराठीच्या बाहेर आहे. केरळात याच खेळाचा भाऊ किळित्तट्टु नावाने खेळतात. तिथे अजून पलीकडे जायच्या गड्यांना ‘पच्च’ म्हणजे कच्चे, हिरवे म्हणतात आणि शेवटची ओळ पार करून परतणाऱ्यांना ‘उप्पु’. उप्पु म्हणजे मीठ. मल्याळम शब्दाचा मराठी लोणाशी उच्चाराचा काडीचा संबंध नाही. तरीही परतणाऱ्याच्या हाती दोन्हीकडे मीठच आहे. म्हणजे नाव ध्वनीच्या साम्याने चिकटलेलं नाही, खेळाच्या पोटातलं आहे. मिठाच्या व्यापारामुळे हा खेळ किनाऱ्याकिनाऱ्याने पसरला आणि मग घाट चढला, असं मी धरून चालतो.

आता हे मीठ कबड्डीच्या हिशेबात कसं विरघळलं ते पाहू. नियम एक होण्याआधी हुतूतूचे तीन प्रकार होते: गामिनी, संजीवनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी बाहेरच बसे. समोरचे सगळे बाद झाले की एक गुण, आणि असे पाच किंवा सात गुण होईतो खेळ चाले, वेळेचं बंधन नाही. या पद्धतीत एकट्या खेळाडूची प्रतवारी करणंच अशक्य होतं. सात गडी कुणी टिपले याची नोंद ठेवायला कारणच नव्हतं, कारण गुण सातवा गडी पडल्यावर होई आणि तो संघाचा असे. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होई. नऊ-नऊ गडी, चाळीस मिनिटांचा सामना, आणि सगळे बाद केले तर चार गुण वरचे. अमरमध्ये तर बाद झालेला मैदान सोडतच नसे. शिवलेल्या प्रत्येक गड्यामागे एक गुण लिहायचा आणि खेळ पुढे चालू.

मला सापडलेला दुवा इथे आहे. खेळाडूचं खातं उघडलं ते अमरने. गडी बाहेर जात नसेल, तर बाद करण्याचा परिणाम मैदानावर दिसत नाही, तो फक्त कागदावर उरतो. कागदावर उरलं की कुणाचं किती, हा प्रश्न आपोआप येतो. आजची कबड्डी या तिघांची खिचडी आहे: जिवंत होणं संजीवनीचं, दर गड्यामागे गुण अमरचा, लोण गामिनीमार्गे आट्यापाट्यांचं. खेळाडूंची प्रतवारी मात्र या तिघांपैकी फक्त अमरच्या भाषेत होते. उरलेल्या दोघांनी खेळात आणलेलं जे काही आहे, ते खात्यात लिहायला जागाच नाही.

अमरचं माप चढाईपटूला चपखल बसतं, हे मान्य करायलाच हवं. चढाईला तो एकटा जातो, तीस सेकंदांत जे काही घडतं त्याचा कर्ता बहुतेक वेळा तोच असतो. २०१७ च्या पाचव्या हंगामात पाटणा पायरेट्सच्या परदीप नरवालने चढाईचे ३६९ गुण मिळवले. बचावपटूंच्या साखळीच्या हाताखालून निसटणाऱ्या त्याच्या डुबकीचं श्रेय दुसऱ्या कुणाला देणं कठीण, आणि त्या वर्षी पाटणाने विजेतेपदही घेतलं. माप आणि खेळ इथे जुळले. पण पकडीकडे वळलं की माप सैल होतं. डाव्या कोपरारक्षकाने घोटा धरला, मध्यरक्षकाने धडक दिली, उजवीकडच्या दोघांनी साखळी आवळून मध्यरेषेची वाट बंद केली, आणि गुण पहिला हात घालणाऱ्याच्या नावावर. त्याहून चमत्कारिक म्हणजे, नावाजलेला कोपरारक्षक उभा असेल त्या बाजूला चढाईपटू फिरकतच नाही. अर्धं मैदान त्याने नुसत्या धाकाने राखलं, पण खात्यात शून्य. अव्वल पकडीचा नियम यात भर घालतो. मैदानात तीन किंवा कमी गडी असताना पकड केली तर दोन गुण, आणि ते दोन्ही पकड करणाऱ्याच्या नावावर. ज्या संघाचे गडी वारंवार बाद होतात, त्याच्या बचावपटूला दुप्पट कमाईची संधी वारंवार मिळते. सातही गडी टिकवून ठेवणाऱ्या संघातला त्याच तोडीचा खेळाडू कागदावर मागे पडतो.

जिवंत होण्याचंही तसंच. बाद झालेले ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने परत येतात. बाहेर बसलेल्यांत पहिला क्रमांक संघाच्या हुकमी चढाईपटूचा असेल, तर मिळवलेला एक साधा गुण सामना फिरवू शकतो. रांगेत पहिला कुणी नवखा असेल, तर तोच गुण नुसता गुण. खात्यात दोन्ही सारखेच दिसतात.

हा घोळ फक्त कबड्डीचा नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन पळण्याची वेळ जवळजवळ कधीच न येणारे, पुढच्या फळीत उभे राहून अडवण्याचं काम करणारे पाच गडी असतात. त्यांच्या नावावर वर्षानुवर्षं कोणताच आकडा नसे. नील हॉर्न्सबी नावाच्या इंग्रज माणसाने सुरू केलेल्या प्रो फुटबॉल फोकसने यावर उपाय काढला. प्रत्येक खेळीत प्रत्येक खेळाडूला उणे दोन ते अधिक दोन यांच्या दरम्यान, अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने श्रेणी द्यायची. अपेक्षेइतकं केलं तर शून्य. मग हे सगळं शंभराच्या मापात बसवायचं. न दिसणारं काम त्यामुळे नोंदीत आलं, हा त्याचा मोठा उपयोग. पण श्रेणी देणारा बाहेरचा असतो. त्या खेळीत कुणाला काय नेमून दिलं होतं, हे त्याला चित्रफितीवरून ताडावं लागतं, आणि प्रशिक्षकांची जुनी तक्रार तीच आहे. कबड्डीत हा उपाय आणायचा तर तीस सेकंदांच्या हिशेबाने चाळीस मिनिटांत निदान ऐंशी चढाया, दर चढाईत चढाईपटू आणि समोरचे सात धरून जास्तीत जास्त आठ गडी, म्हणजे काही शे निवाडे. ते जमेलही. पण साखळीतला एक हात लवकर सुटला, की शेजारचा उशिरा आला, आणि कर्णधाराने इशारा कुणाला केला होता, हे चित्रफीत सांगत नाही.

मग आकडे टाकूनच द्यावेत का? मुळीच नाही, आणि नेरसारख्या तालुक्याच्या गावाने तर नाहीच नाही. आकडे नसतात तेव्हा निवड निर्दोष होते असं थोडंच आहे! तेव्हा ती ओळखीने होते, जिल्ह्याच्या वजनाने होते, निवड समितीसमोर एका दुपारी कोण चमकला यावर होते. मुंबई-पुण्याच्या संघांतला खेळाडू दहा जणांच्या डोळ्यांखाली वाढतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या पोराचं काम त्याच्याआधी पोहोचवणारं काही असेल, तर ती गुणपत्रिकाच. आपल्या स्पर्धांत उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड आणि अष्टपैलू अशी तीन बक्षिसं देण्याची रीत आहे, तीही प्रतवारीच. यात पकडीचं बक्षीस बहुतेकदा पंच आणि आयोजक पाहून देतात, बेरीज करून नव्हे, हे मला शहाणपणाचं वाटतं. जिथे माप खरं उतरतं तिथे आकडा, जिथे उतरत नाही तिथे डोळा.

लिलावाला मात्र ही विभागणी मानवत नाही. २०२३ च्या प्रो कबड्डी लिलावात खेळाडूंचे अ, ब, क, ड असे गट होते आणि त्यांच्या पायाभूत किमती ३०, २०, १३ आणि ९ लाख रुपये. एकदा गट पडला की चढाईपटू आणि कोपरारक्षक यांची पायाभूत किंमत एकच. चढाईपटू पवन सेहरावतला २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलं, पहिल्याच सामन्यात तो जायबंदी होऊन हंगामाबाहेर गेला. तो दैवाचा भाग म्हणून सोडून देऊ. पण पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले, पवन पुन्हा आघाडीच्या चढाईपटूंत राहिला, आणि संघ तक्त्यात सर्वांत शेवटी. खातं खोटं नव्हतं. त्या खात्यात लोण कुणी दिलं आणि कुणावर चढलं, हे मावत नव्हतं, इतकंच.

यावर एक सोपी सूचना संभवते: लोणाचे दोन गुणही वाटून टाका, शेवटचा गडी टिपणाऱ्याला द्या. पण शेवटचा गडी टिपणं हे लोणातलं सर्वांत हलकं काम, कारण तोवर समोर एकटाच उरलेला असतो. पहिली पकड करणाऱ्याला द्यावेत तर मध्ये दोघं-तिघं जिवंत होऊन गेलेले असतात, लोणाची सुरुवात नेमकी कुठून धरायची? संजीवनीत चार असलेले गुण आज दोनच आहेत, याचा खुलासा मी याच अडचणीतून करतो. गडी नवाचे सात झाले म्हणून गुण घटले, असं म्हणता येईल. पण नवाला चार, तर त्या प्रमाणात साताला तीन व्हायला हवे होते. एक गुण जास्तीचा कापला गेला आहे. माझा अंदाज असा की प्रत्येक गुणाला धनी हवा, असं वाटू लागलेल्या खेळाने आपल्यातला बेवारस हिस्सा हळूहळू कमी केला, आणि तो कापलेला गुण नंतर अव्वल पकडीतला वरचा एक म्हणून, या वेळी रीतसर एकाच्या नावाने, परत आला.