मळसूत्राची पकड

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आमचा आजचा विषय निम्मा ठाऊकच आहे. लोहार धाव तापवून चाकावर बसवी, वर पाणी ओती आणि ती आक्रसून लाकडाला आवळी. घेर मोठा राहिला तर धाव निसटे. फार लहान पडला तर आऱ्यांवर ताण येऊन चाकच वाकडे होई. आवळण्याचे माप आगीपूर्वीच ठरवावे लागे.

पुढे यंत्रे आली. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली बोल्टच्या आट्यांसाठी एक ठराविक माप सुचविले. १८६५ साली थळघाटातून आगगाडी धावू लागली तोवर आमच्या जिल्ह्यातही नट-बोल्टांचे राज्य सुरू झाले होते. आट्यांना माप मिळाले. आवळणे मात्र फिटरच्या मनगटावरच राहिले.

जितके घट्ट तितके बळकट, ही समजूत येथे घात करते. बोल्ट ही वस्तुतः एक ताठ स्प्रिंग आहे. आवळला की तो किंचित लांबतो आणि परत आखडण्याच्या ओढीने दोन भाग धरून ठेवतो. ताण आणि लांबी यांचा हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ सालीच मांडला होता. पण मर्यादा ओलांडली की बोल्ट लांबलेलाच राहतो, पुढे सैल पडतो किंवा तुटतो. शिवाय पान्यावरच्या जोराचा सुमारे नऊदशांश भाग घर्षणातच खर्ची पडतो. आट्यांना तेल लागले असेल तर तोच जोर बोल्टला भलताच ताणतो. मनगटाला हे कळावे कसे?

जोर मोजणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, काढण्याचे श्रेय कॉनरॅड बार यांना देतात. १९१८ साली ते न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यात होते, आणि जमिनीखालच्या नळांचे बोल्ट अति आवळले जाऊ नयेत एवढाच त्यांचा हेतू होता.

१९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला. विमानाच्या कामात बोल्ट किती आवळावयाचा हे कागदावर लिहिलेले असते. त्याच ओझरवरून जाणाऱ्या आग्रा रोडच्या कडेला पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घालून मोटारीच्या चाकाचे नट आवळताना आम्ही पाहिले आहे! लहान मोटारीच्या चाकाच्या नटाला साधारण १० किलोग्रॅम-मीटर जोर पुरतो. म्हणजे अर्धा मीटर लांब दांड्याच्या टोकाला २० किलो भार. ६० किलोचा माणूस त्यावर उभा राहिला की तिप्पट झाला.

चेंबरच्या तळाचा तेल सोडण्याचा बोल्ट याहून नाजूक. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचे, बोल्ट पोलादी. आटे जातात ते चेंबरचे. आम्हीच एकदा 'गळू नये' म्हणून अर्धा फेरा जास्त दिला. तेव्हापासून ते गळू लागले, आणि एका वायसरच्या जागी सबंध चेंबर बदलावे लागले. वाईट याचे की, गाडीच्या पुस्तिकेत माप छापलेले होते.