हुंडणावळ, बट्टा आणि फुकटचे माइल्स

गेल्या दिवाळीत माझे मोठे काका न्यू जर्सीहून आले होते. पंचाहत्तरी ओलांडली आहे, पण डोकं टकाटक. जेवणं झाल्यावर मी त्यांना आमच्या जर्मनी-स्वित्झर्लंडच्या ट्रिपचे फोटो दाखवत होतो आणि (खरं सांगायचं तर फोटोंपेक्षा जास्त उत्साहाने) माझं क्रेडिट कार्ड. सगळा खर्च कार्डावर केला, तीन लाखांवर सहा हजार माइल्स मिळाले, शिवाय एअरपोर्टच्या लाउंजमधे फुकट जेवण, वगैरे वगैरे. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"रेट काय लागला रे?"

मला सांगता येईना.

पुढच्या शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन स्टेटमेंट उघडून बसलो. कार्डाच्या अटींमधे एक बारीक ओळ होती : परकीय चलनावर मार्कअप साडेतीन टक्के. तिच्याखाली आणखी बारीक : या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. दोन्ही मिळून ४.१३ टक्के. तीन लाखांवर १०,५०० अधिक १,८९०, म्हणजे १२,३९० रुपये. आणि माइल्स? एका माइलची किंमत अगदी दिलदारपणे एक रुपया धरली तरी सहा हजार. थोडक्यात, सहा हजारांची वस्तू मी सव्वाबारा हजारांहून जास्त देऊन "फुकट" मिळवली होती. आणि मी दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधून पोट भरतो! असो.

हा साडेतीन टक्क्यांचा प्रकार आला कुठून, म्हणून खणत गेलो आणि तो शनिवार, रविवार त्यातच गेला.

गंमत म्हणजे मराठीत या खर्चाला पूर्वापार दोन स्वच्छ नावं आहेत. बट्टा आणि हुंडणावळ. पेशवाईत एकाच मुलखात वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये चालायचे. चांदवडी निराळा, अंकुशी निराळा. एक देऊन दुसरा घ्यायचा तर सराफ मधे बट्टा कापायचा. काशीला निघालेला माणूस सगळी रोकड कमरेला बांधून नेण्याऐवजी इथल्या सावकाराकडे पैसे भरून हुंडी घ्यायचा आणि ती तिकडच्या पेढीवर वटवायचा. त्यासाठी शेकडा जे काही द्यावं लागे ती हुंडणावळ. सावकार लबाडी करत नसतील असं मुळीच नाही. पण हुंडणावळ किती, हा प्रश्न व्यवहाराच्या आधी विचारला जायचा आणि त्यावर घासाघीस व्हायची.

युरोपातही हीच अडचण होती. रॉबर्ट हेरीज नावाच्या स्कॉटिश बँकरने १७७२ च्या सुमारास लंडनहून फिरायला निघणाऱ्या धनिकांच्या मुलांसाठी अनेक शहरांत वटतील अशा नोटा काढल्या. टॉमस कुकने १८७४ मधे आपल्या पर्यटकांसाठी तसंच केलं. पण खरी कमाल केली अमेरिकन एक्सप्रेसने. कंपनीचे अध्यक्ष जे. सी. फार्गो युरोपच्या दौऱ्यावर गेले आणि मोठी शहरं सोडली तर त्यांचं लेटर ऑफ क्रेडिट कोणी धड वटवून देईना. एवढ्या मोठ्या कंपनीच्या अध्यक्षाची ही गत! वैतागून परत आले आणि मार्सेलस बेरी या आपल्या माणसाला म्हणाले, यावर काहीतरी काढ. बेरीने १८९१ मधे ट्रॅव्हलर्स चेक काढला. घेताना एक सही, वटवताना दुसरी, दोन्ही जुळल्या की पैसे. ओळखपत्र नको, ओटीपी नको.

मला त्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र सही नाही. त्या सुरुवातीच्या चेकांवर वेगवेगळ्या देशांत किती पैसे मिळणार ते छापलेलं असे. इंग्लंडमधे इतके पौंड, फ्रान्समधे इतके फ्रँक, जर्मनीत इतके मार्क. छापून! आज कुठली बँक असं छापायची हिंमत करील? तेव्हा शक्य होतं कारण ही सगळी चलनं सोन्याला बांधलेली होती आणि त्यांचे आपसातले दर जवळपास हलतच नसत. कंपनीचं पोट भरायचं ते छोट्याशा कमिशनवर आणि त्याहून जास्त वेळेवर. तुम्ही आज पैसे भरणार, चेक वटवणार दीड महिन्याने, मधल्या काळात तुमचे पैसे कंपनीकडे बिनव्याजी. पण "रेट काय लागला?" याचं उत्तर प्रवाशाच्या खिशात असायचं.

हे छापील दर पहिल्या महायुद्धाने मोडले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स कराराने पुन्हा एक घडी बसवली. सोनं ३५ डॉलरला एक औंस आणि बाकीची चलनं डॉलरला बांधलेली. ती घडी अध्यक्ष निक्सननी १५ ऑगस्ट १९७१ ला विस्कटली. डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद.

आणि नेमक्या त्याच ऑगस्टमधे आमचे काका सांताक्रूझहून विमानात बसले होते, खिशात आठ डॉलर घेऊन.

आठ डॉलरच्या गोष्टी त्या पिढीतल्या प्रत्येकाकडे आहेत, आणि आपण त्या ऐकून ऐकून कंटाळलोही आहोत. पण काकांचा जुना पासपोर्ट मी पाहिला आहे. शेवटच्या पानांवर दिलेल्या परकीय चलनाची नोंद, शिक्का, सही. तेव्हाचा दर साडेसात रुपये, म्हणजे साठ रुपयांचं परकीय चलन. लंडनला विमान बदलताना चार तास होते, चहा प्यायला नाही. युनिव्हर्सिटीत असिस्टंटशिप होती पण पहिला पगार महिनाअखेरीस. दुसऱ्याच आठवड्यात ताप आला. इकडे सांगलीत आजोबांना पत्र पोचलं तेव्हा ते पोस्टातून परस्पर बँकेत गेले. खात्यात पैसे होते. मॅनेजर भला माणूस होता, पण तो तरी काय करणार? रिझर्व्ह बँकेची परवानगी, अर्ज, कारण, पुरावे. तोवर काकांनी एका सीनियर मुलाकडून वीस डॉलर उसने घेऊन महिना काढला होता. आजोबा पुढे कितीतरी वर्षं म्हणायचे, "पैसे होते रे, पण पाठवता येईनात." रेटचा प्रश्नच नव्हता. चलनच नव्हतं. १९७३ च्या फेरा कायद्याने तर परकीय चलनाचे नियम आणखी कडक झाले.

तिकडे अमेरिकेत मात्र कार्डाचं युग आलं होतं. डायनर्स क्लब १९५० चं, बँक ऑफ अमेरिकाचं बँकअमेरिकार्ड १९५८ चं. त्याचंच १९७६ मधे व्हिसा झालं. आता चलनं मोकळी सुटलेली, दर रोज हलणार, आणि प्रत्येक स्वाइपला रूपांतर होणार. म्हणजे कोणीतरी दर ठरवायला हवा. तो ठरवू लागलं कार्डाचं नेटवर्क. नेटवर्कने दरात एक टक्का मिळवला, बँकांनी वर आणखी दोनेक. स्टेटमेंटवर दिसायचा तो फक्त अंतिम आकडा. बट्ट्याला नावच उरलं नाही. यावरून अमेरिकेत ग्राहकांनी खटले भरले आणि २००६ मधे व्हिसा, मास्टरकार्ड, डायनर्स आणि काही मोठ्या बँकांनी मिळून ३३.६ कोटी डॉलरची तडजोड केली. चूक कबूल केली नाही, पण त्यानंतर ती रक्कम वेगळी दिसू लागली.

आता दुसरी बाजू, माइल्सची. १९७८ मधे अमेरिकेने विमान कंपन्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवलं आणि भाड्यांची मारामारी सुरू झाली. नेहमीचं गिऱ्हाईक टिकवायला अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ ला अ‍ॅडव्हान्टेज योजना आणली. वारंवार उडणारे लोक कोण हे शोधायला त्यांनी सेबर या आपल्या बुकिंग सिस्टिममधे पुन्हा पुन्हा येणारे फोन नंबर हुडकले. (आपल्या धंद्यातल्या लोकांनी इथे क्षणभर कौतुक करावं. साधी क्वेरी, पण जगातली सगळी लॉयल्टी तिच्यावर उभी आहे.) १९८७ मधे सिटीबँकेबरोबर कार्ड आलं, डॉलरला एक माइल, आणि माइल मिळवायला विमानात बसायची गरज संपली. विमान कंपनी माइल्स बँकेला विकते, बँक ते आपल्याला देते, आणि त्याचा खर्च काढते दुकानदाराकडून घेतलेल्या फीमधून, उधारीच्या व्याजातून आणि अर्थात आपल्या त्या साडेतीन टक्क्यांतून. २०२० मधे करोनात विमानं जमिनीवर बसली तेव्हा युनायटेडने कर्जासाठी गहाण ठेवली ती आपली माइल्सची योजना. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तिची किंमत २० अब्ज डॉलरच्या वर होती.

आपणही एकदा गहाण ठेवलं होतं. १९९१ च्या जुलैत सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून लंडनला. त्या धक्क्यातून सुटका सुरू झाली. १९९४ मधे रुपया चालू खात्यावर परिवर्तनीय झाला, २००० मधे फेराच्या जागी फेमा आला, २००४ मधे एलआरएस. सुरुवातीला वर्षाला २५ हजार डॉलर, आता अडीच लाख. मे २०२३ मधे सरकारने क्रेडिट कार्डाचा परदेशातला खर्चही या मर्यादेत आणायचं ठरवलं, म्हणजे त्यावर टीसीएसही आलाच. केवढा गदारोळ झाला आठवत असेल! २८ जूनला ते लांबणीवर टाकलं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

तर माझ्या तीन लाखांचं काय चुकलं? कार्ड नेणं चुकलं नाही. एअरपोर्टवरच्या काउंटरचे खरेदीचे आणि विक्रीचे दर शेजारी शेजारी पाहिलेत तर साडेतीन टक्के स्वस्त वाटतील. फॉरेक्स कार्डात पैसे भरतानाच्या दरात मार्जिन असतं, आणि उरलेले परत घेताना पुन्हा. माझं चुकलं ते माइल्स आधी मोजणं. ४.१३ टक्के कापणाऱ्या कार्डाने तेवढ्याहून जास्त किमतीचं काही परत दिलं तरच ते फायद्याचं, आणि तेही तुम्ही ते माइल्स खरंच वापरले तर. मार्कअप दोन टक्के असेल तर जीएसटी धरून २.३६. मार्कअप शून्य आणि बक्षीस जेमतेम एक टक्का असलेलं साधं कार्ड नेलं असतं तर बारा हजार गेलेच नसते, उलट तीन हजार हातात आले असते. ते कार्ड माझ्याकडे होतंही, कपाटात! त्यावर लाउंज नव्हतं ना.

त्यातून ल्युसर्नच्या हॉटेलात मशीनने विचारलं, फ्रँकमधे की रुपयांत? मी देशप्रेमाने रुपये दाबले. तो दर हॉटेलच्या मशीनवाल्याचा होता, कार्डाच्या नेटवर्कचा नाही. घरी येऊन ताडून पाहिला तर मार्कअपपेक्षाही महाग पडला होता.

रविवारी रात्री काकांना फोन केला. म्हटलं, काका, युरो बाजारात साधारण नव्वदला होता, मला पडला त्र्याण्णव रुपये बहात्तर पैशांना.

"बरं झालं काढलंस," काका म्हणाले. "मला आठ डॉलर साठ रुपयांना पडले होते. वर बँकेने पंच्याहत्तर पैसे कमिशन घेतलं. वेगळं लिहून दिलंय, पावती आहे माझ्याकडे. पुढच्या वेळी येताना आणतो."