झोपडीचा माळ

ओढ्यापलीकडं आमचा एक तुकडा आहे. सातबाऱ्यावर त्याला नुसता गट नंबर, पण घरात सगळे त्याला झोपडीचा माळ म्हणतात. झोपडी मी काही पाहिली नाही. ती पिलेगातली.

आजी नऊ वर्षांची नवरी होऊन या घरात आली आणि त्याच साली गावात उंदीर पडायला लागले. "उंदीर पडला की घर सोडायचं, माणूस पडायची वाट बघायची न्हाय," असं तिचा सासरा, म्हणजे माझा पणजोबा, म्हणायचा. गाव उठून रानात गेलं. आमची झोपडी त्या माळावर पडली. काखेत नाहीतर जांघेत गाठ आली की माणूस दोन-चार दिवसांत संपायचं. मग एक दिवस टोचणारं पथक येतंय अशी हूल उठली. पणजोबानं बायापोरांना कडब्याच्या गंजीआड दडवलं. टोचलं की माणूस मरतं, असं सगळीकडं बोललं जात होतं. आजी हे सांगायची तेव्हा आम्ही पोरं हसायचो. मी तर जास्तच, कारण मी शाळेत जात होतो.

दहावीनंतर शाळा सुटली, पण तालुक्याच्या वाचनालयातनं पुस्तकं आणायची सवय राहिली. त्यातनं कळलं की पणजोबाची भीती हवेतनं आलेली नव्हती.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात पिलेग निघाला. डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्या 4 फेब्रुवारीला सरकारनं साथीच्या रोगांचा कायदा केला. चार कलमांचा, एवढासा. पण त्यानं अधिकाऱ्याला लागेल ते करायची मुभा मिळाली. पुण्यात प्लेग कमिटीवर रँड साहेब आला. त्याचे गोरे सोल्जर घरात शिरायचे, देवघरात, स्वयंपाकघरात जायचे. बायामाणसांच्या गाठी तपासायचे. सामान बाहेर काढून जाळायचे. रोगी उचलून नेला की तो परत दिसेल याची घरच्यांना खात्री नसायची. रोग हटवायला काही तरी करणं भाग होतं, हे मान्य. पण ज्याच्या घरात शिरायचं त्याला विचारायचं नाही, ही त्यांची रीत होती. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडला गोळी घातली. पुढं फाशी झाली. टिळकांना 'केसरी'तल्या लिखाणावरनं दीड वर्षाची शिक्षा झाली. हे शाळेच्या पुस्तकात होतं.

पुस्तकात नव्हतं ते हाफकिनचं. ओडेसाचा ज्यू माणूस, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला. पटकीची लस घेऊन तो 1893 साली हिंदुस्थानात आला होता. पिलेग निघाल्यावर मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात एका खोलीत बसून त्यानं तीन महिन्यांत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप भरला, अंग दुखलं, तरी काम सोडलं नाही. मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर बघितली. टोचलेल्यांत मरणारे कमी निघाले. रँडसारखं दांडगाईनं दार ढकलणं या माणसाच्या स्वभावात नव्हतं.

पण झडती घेणारा आणि टोचणारा, दोघंही सरकारचेच. दारात उभे राहिल्यावर ओळखायचे कसे? त्यात 1902 साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतनं टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं मेली. दोष हाफकिनवर टाकला, त्याला कामावरनं बाजूला केलं. ती बाटली गावात उघडताना घाण झाली होती, हे मान्य व्हायला 1907 उजाडलं. तोवर एकोणीसांची बातमी गावोगाव पोचली होती. हाफकिन निर्दोष असल्याची बातमी आमच्या माळापर्यंत काही आली नाही.

आणि त्याच 1897 च्या मार्चात, हडपसरच्या ससाणे मळ्यात यशवंतरावांच्या दवाखान्यात, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेऊन तिथं आणलं होतं. त्यातनंच त्यांना पिलेग लागला. त्यांना कुठल्या कायद्यानं पाठवलं नव्हतं.

2020 च्या मार्चात टीव्हीवर ऐकलं की करोनासाठी 1897 चाच कायदा लागू केलाय. मी घरात म्हणालो, रँड साहेबाचा कायदा अजून जिता आहे! मुंबईहून आलेली आमची पुतण्याची पोरं झोपडीच्या माळावर ताडपत्री टाकून चौदा दिवस राहिली. आजीची आठवण झाली.

वर्षभरानं लस आली. कोव्हिशिल्ड, त्याच हडपसरची. 1 एप्रिल 2021 पासनं पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना खुली झाली. आशाताई यादी घेऊन ओट्यासमोर उभी राहिली, माझं आणि धाकट्या भावाचं नाव वाचलं. भाऊ म्हणाला, "दादा, जाऊन येऊ का?" मी म्हणालो, "थांब. कांदा निघू दे." कांदा हे निमित्त होतं. शेजारच्या वाडीत टोचल्यावर एक म्हातारा गेला, असं ऐकलं होतं. आधी दोन डोसात 28 दिवस सांगितले, मग दीड-दोन महिने. मला वाटलं, यांचंच अजून ठरत नाही. हाफकिन वाचलेला मी, पणजोबासारखाच गंजीआड बसलो. पणजोबा निदान स्वतःच्या डोळ्यांनी रँडचं सरकार बघत होता. माझ्या दारात आली ती गावातलीच, माझ्या पुतणीबरोबर शाळेत शिकलेली पोरगी.

आशाताई आणखी एकदा येऊन गेली. मेच्या पहिल्या आठवड्यात भावाला ताप आला. ऑक्सिजनची खाट शोधत दोन तालुके फिरलो. तिसऱ्याच्या वाटेवर गाडीतच तो गेला. कांदा तसाच वावरात होता.

तेराव्यानंतर ती परत आली. तीच वही. माझं नाव वाचलं, खालच्या नावावर पेन टेकलं आणि न वाचता पुढच्या घराचं नाव घेतलं. मी चप्पल घातली आणि तिच्या मागनं शाळेकडं निघालो.