हद्दीबाहेरचे वर्धा

काही गावे आपोआप वसतात, काही वसवली जातात. आमचे वर्धा दुसऱ्या जातीचे. त्याला ना किल्ला, ना वेस, ना कुणा राजाच्या स्वप्नाची आख्यायिका. नाव घेतले तेही नदीचे, आणि ती नदी गावातून वाहत नाही! १८६२ साली नागपुरापासून तोडून हा जिल्हा निराळा केला, तेव्हा त्याचे मुख्य ठाणे पुलगावजवळच्या कवठ्यास होते. चार वर्षांनी, १८६६ मध्ये, ते पालकवाडी नावाच्या खेड्यात हलवायचे ठरले. काळ कापसाचा होता. अमेरिकेतली यादवी नुकतीच संपली होती, त्या यादवीने मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंगणघाटच्या कापसाची चव लावून ठेवली होती, आणि रेल्वे नागपूरच्या रोखाने येत होती. ती १८६७ मध्ये नागपुरास पोचली. तेव्हा रुळाच्या काठी सोयीचे ठाणे हवे, हे उघड होते.

मग पालकवाडीचे काय झाले? तिथली घरे आणि झोपड्या पाडून जमीन सपाट करण्यात आली, आणि त्या सपाट जमिनीवर रुंद, सरळ रस्ते आखून नवे शहर मांडण्यात आले. पाटी पुसून नवा धडा लिहावा तसे! मी पेशाने मास्तर, म्हणून ही उपमा चटकन सुचते. पण पुसलेल्या पाटीवरही आधीची अक्षरे उन्हात धरली तर दिसतात. वर्ध्यात तीही दिसत नाहीत. जिल्ह्याच्या इतिहासात पालकवाडीच्या वाट्याला एखाददुसरे वाक्य येते, तेही नव्या शहराचा जन्म सांगण्यापुरते. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला अशा वाक्यापाशी थबकावे लागते. घर पाडायचे म्हणजे आधी चूल हलते, मग गोठ्यातली जनावरे, मग उतरंड. शेवटी देवळीतला देव. हे सगळे त्या एका वाक्यात मावले आहे.

या शहराची आखणी कोणी केली, याविषयी आमच्या गावात एक गोष्ट सांगतात. बॅचलर आणि सर रेजिनाल्ड क्रॅडॉक अशा दोन इंग्रज नगररचनाकारांना बोलावून १८६६ साली वर्धा आखून घेतले, अशी ती गोष्ट. बॅचलर रोड अजून आहे. नवख्याला वाटते की इथे अविवाहितांची वस्ती असावी. पण क्रॅडॉकसाहेबांचा जन्म १८६४ चा! शहर आखले त्या वर्षी ते दोन वर्षांचे होते. ते पुढे मुलकी नोकरीत हिंदुस्थानात आले आणि १९०७ ते १९१२ या काळात मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते. त्यांच्या अमदानीत शहराला काही मिळालेही असेल. पण पाया घालताना ते पाळण्यात होते. मला या चुकीचा राग येत नाही, तिची मौज वाटते. सुंदर रस्ता दिसला की लोक त्यामागे एखादा मोठा माणूस शोधतात, आणि मोठा माणूस सापडला की पालकवाडीची आठवण काढायचे कारण उरत नाही.

१८७४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. आमच्याकडची जुनी माणसे तिला 'कमेटी' म्हणत. या कमेटीपुढे पहिल्या दिवसापासून एक अडचण उभी होती. शहराची जमीन नझूलची, म्हणजे सरकारच्या मालकीची आणि पट्ट्याने दिलेली. तिच्यावर आखणी करणे सोपे. पण आखलेल्या शहरात झाडणारे, वाहणारे, रचणारे आणि कापूस पिंजणारे लोक राहणार कुठे? ते रेघेच्या पलीकडे राहिले. सरळ शहराच्या कडेला वाकडी वस्ती उभी राहते, ती या हिशेबाने. मुंबईतही हेच झाले. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये तिथे सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने पहिल्या काही वर्षांत पाडलेल्या खोल्या नव्याने बांधलेल्या खोल्यांहून अधिक होत्या. घर गेलेला माणूस हवेत विरत नाही. तो शेजारच्या चाळीत शिरतो आणि तिथली गर्दी वाढवतो.

आता सिंदीकडे येतो. ही सिंदी वर्ध्याच्या अंगाला लागून असलेली. रेल्वेवरची बाजाराची सिंदी निराळी. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्यास आले आणि मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. खेडे सुधारायचे तर आधी दाराशी असलेले खेडे, या विचाराने १९३५ मध्ये सिंदीची सफाई हाती घेतली गेली. मीराबेन तिथे जाऊन राहिल्या. मगनवाडीची मंडळी सकाळी बादल्या-फावडी घेऊन पायी सिंदीस जात, वाटेवरची विष्ठा उचलत आणि खड्ड्यात पुरून तिचे खत करत. महिन्यांमागून महिने हे चालले. गाव मात्र हलले नाही. उचलणारे उचलत, आणि त्याच वाटा पुन्हा घाण होत. पुढे मीराबेन शेगावला गेल्या, १९३६ मध्ये गांधीजीही तिथे राहावयास गेले, आणि त्या शेगावचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. सिंदी मागे राहिली.

ही कथा सांगताना आपण बहुधा गावकऱ्यांना दोष देऊन मोकळे होतो. मला ते पटत नाही. ज्या माणसाला स्वतःची शौचाची जागा नाही, चार हात परसू नाही, तो वाटेवर बसतो तेव्हा त्याला आळसापेक्षा जागेची टंचाई तिथे बसवत असते. सिंदीत सेवा होती, त्यागही होता; पण जमीन कुणाची, वाट कोणाची, नाली कुठून कुठे न्यायची, हे ठरवण्याचा अधिकार सेवकांपाशी नव्हता. तिकडे १८६६ साली साहेबापाशी अधिकार पुरेपूर होता, पण गावाकडे पाहण्याची दृष्टी नव्हती. सत्तर वर्षांच्या अंतराने, दोन-चार मैलांच्या टापूत, हे दोन्ही प्रयोग होऊन गेले. वस्ती सुधारू पाहणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेने ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

या दोहोंचा मेळ घालू पाहणारा एक माणूस मधल्या काळात हिंदुस्थानात फिरत होता. पॅट्रिक गेडिस हा स्कॉच पंडित मूळचा जीवशास्त्राचा. तो १९१४ मध्ये इकडे आला आणि दक्षिणेतल्या देवळांच्या गावांपासून मराठी संस्थानांपर्यंत पायी गल्ल्या तुडवीत हिंडला. आखणीपट्टीने सरसकट रस्ता मारण्यास त्याचा सक्त विरोध होता. आधी गल्ली चाला, विहीर पाहा, झाड पाहा, कोणते घर मोडकळीला आले आहे ते हेरा. तेवढे काढा, बाकीच्याला हात लावू नका, असे त्याचे म्हणणे. अशा शस्त्रक्रियेत रक्त कमी जाते आणि खर्चही कमी येतो.

होळकरांच्या इंदुरास त्याने केलेला उद्योग दिवाळीच्या अंकात सांगण्यासारखाच आहे. गावात प्लेगची धास्ती होती. गेडिसने दिवाळीची एक जंगी मिरवणूक योजली आणि आधीच जाहीर केले की मिरवणूक ज्या भागातून जाईल तो भाग घरे-रस्ते सर्वांत स्वच्छ करणाऱ्यांचा असेल. झाले! गल्लोगल्ली चढाओढ लागली. घरे रंगली, वर्षानुवर्षांचा कचरा गाड्यांनी बाहेर गेला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अक्राळविक्राळ उंदीर होता, आणि नवे कपडे घातलेले, हार घातलेले सफाई कामगार होते. त्याचा इंदूरवरील अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सिंदीच्या लोकांना बादली दिसली. इंदूरच्या लोकांना त्यांच्या दारावरून जाणारी मिरवणूक दिसली. हा फरक लहान नाही. अर्थात इंदुरास पाठीशी दरबार होता, हेही विसरता येत नाही.

स्वराज्य आले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि गावठाण, रस्ते, विहिरी सरकारकडे आल्या. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात गेला. महाराष्ट्राने १९६५ मध्ये नगरपालिकांचा कायदा केला आणि १९६६ मध्ये प्रादेशिक व नगररचनेचा. आज नगर परिषद वस्तीचा आराखडा करते तो या दुसऱ्या कायद्याने. त्याची रीत वाचकांनी एकदा नीट समजून घ्यावी, कारण ती तुमच्या-आमच्या अंगणातून जाते.

प्रथम परिषद आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग आहे त्या जमिनीची पाहणी होते: कुठे घरे, कुठे शेत, कुठे नाला, कुठे दुकान. तिच्यावरून पुढल्या वीस वर्षांचा नकाशा बनतो. शाळेला ही जागा, बागेला ती, इथून बारा मीटरचा रस्ता, अशी आरक्षणे पडतात. नकाशा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. एक समिती त्या ऐकते. तिच्यात परिषदेचे सभासद असतात आणि बाहेरचे जाणकारही. फेरफार होतात आणि अखेर राज्य सरकार मंजुरी देते. आरक्षित जमीन दहा वर्षांत घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर दोन वर्षांतही काही झाले नाही तर आरक्षण सुटते. आमच्यासारख्या गावांत पैशाअभावी असे पुष्कळदा होते. नकाशावर हिरवी बाग आणि जागेवर बाभळी! दहा-बारा वर्षांनी बाभळीही जातात आणि तिथे दुमजली इमारत उभी राहते.

पण वर्ध्याची खरी गाठ पुढेच आहे. हा आराखडा नगर परिषदेच्या हद्दीत चालतो, आणि शहर हद्दीबाहेर गेले आहे. २००१ च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या सुमारे १,११,००० होती. २०११ मध्ये ती सुमारे १,०६,००० भरली. शहर आटले म्हणावे, तर सकाळी दहा वाजता बॅचलर रोड ओलांडून दाखवावा! माणसे गेली ती सिंदी (मेघे), पिपरी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी या शेजारच्या गावांत. यांतल्या काहींना जनगणना शहर म्हणते, आणि कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. सकाळी उठून लोक शहराच्या रस्त्यावर, शहराच्या दवाखान्यात, शहराच्या शाळेत येतात. घरपट्टी भरतात ती ग्रामपंचायतीस. हद्दवाढीचे नाव काढले की शहरवाला म्हणतो आमच्यावर बोजा, आणि गाववाला म्हणतो कर वाढतील. दोघांचेही खरे आहे.

या गावांत घर कसे होते? शेतकरी शेताचे तुकडे पाडतो. त्याला आम्ही 'ले-आउट' म्हणतो. रीतसर ले-आउट असेल तर दहावा हिस्सा मोकळा सोडावा लागतो. त्या मोकळ्या जागेवर पुढे आधी देऊळ, मग समाजमंदिर उभे राहते, आणि पोरांना खेळायला रस्ता उरतो. रीतसर नसेल तर काहीच सोडावे लागत नाही. चपराशी, कंडक्टर, मास्तर, दुकानात राबणारा नोकर, असा माणूस जन्माची पुंजी घालून हजार-पंधराशे चौरस फुटांचा तुकडा घेतो. जमीन काळी, कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि तिच्याबरोबर भिंतही फाटते. नाली कोणी कुठेच नेलेली नसते. प्रत्येकजण आपले पाणी शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोचवतो आणि तिथे आपली जबाबदारी संपली असे समजतो.

अशा वस्त्यांसाठी सरकारने २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा केला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात घेतली. दंड आणि विकास आकार भरावा, वस्ती कायदेशीर व्हावी, आणि त्या पैशातून तिथली रस्ते-गटारे व्हावीत, अशी योजना. मला हा कायदा १८६६ च्या मानाने फार मोठा पल्ला वाटतो. पालकवाडी पाडली, आणि ही वस्ती आहे तशी धरून सुधारायची म्हणतात; पाडणे हा पहिला उपाय राहिला नाही. खोट आहे ती अशी की ज्याने भोगले त्यानेच पुन्हा पैसे भरायचे. ज्याने तुकडे विकून पैसा केला तो केव्हाच दुसरे शेत पाहायला गेलेला असतो.

मागे एकदा वर्गात मी मुलांना घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगितला. पाच-सहा मुले हद्दीपलीकडची होती. त्यांच्या नकाशात एकही रेघ सरळ नव्हती. हातपंप होता, लिंबाचे झाड होते, चावरा कुत्रा असलेले घर होते. आणि एका मुलीने नाल्यापाशी लिहिले होते, 'पावसात इथून येत नाही, फिरून येते.' सरकारी नकाशात नाला निळ्या रेघेने दाखवतात. ती रेघ जूनमध्येही तेवढीच जाड असते आणि मेमध्येही.

हरकत नोंदवायला वकील लागत नाही. साध्या कागदावर आपले नाव, जागेचा भूमापन क्रमांक, नकाशात काय दाखवले आहे आणि प्रत्यक्षात काय आहे, एवढे लिहून परिषदेत द्यावे आणि पोच घ्यावी. सुनावणीला बोलावतात तेव्हा जावे, आणि एकट्याने न जाता गल्लीतली चार माणसे बरोबर न्यावीत. हद्दीबाहेरच्यांनी प्रादेशिक योजनेच्या वेळी, जिल्हाधिकारी कचेरीत, आणि त्याआधी आपल्या ग्रामसभेत बोलावे. नकाशा कचेरीच्या भिंतीवर लावलेला असतो. तो पाहायला जाल तेव्हा निळी रेघ शोधा, आणि मागच्या श्रावणात पाणी कुठवर चढले होते ते तिथल्या कारकुनाला बोटाने दाखवा.