टिळकांच्या घरातले ठोंबरे

आष्टीकडच्या शाळेत ‘श्रावणमासी’ शिकवताना मी बालकवींचा निसर्ग रंगवून सांगायचो. त्यांच्या घराबद्दल मात्र बोलायचो नाही. ते घर आमच्यापासून लांब नव्हतं, अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर). आणि होतं एका ख्रिस्ती माणसाचं!

१९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात डॉ. कीर्तिकरांनी त्र्यंबक बापूजी ठोंबऱ्यांना ‘बालकवी’ म्हटलं. रेव्हरंड ना. वा. टिळकही तिथे होते. टिळकांचा जन्म १८६१चा, ठोंबऱ्यांचा १८९०चा. तरी मैत्र जडलं. पुढे ठोंबरे नगरला टिळकांकडेच राहिले. त्यांचे हट्ट आणि रुसवे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त मोठ्या मायेने लिहिलेत.

१८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा आप्त दुरावले होते, लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं वेगळ्या राहिल्या. असा पोळलेला माणूस दुसऱ्याच्या पोराला घरात घेतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना दास नव्हे, मित्र म्हणतो. मला तरी ते इथे दिसतं. ठोंबरे त्या घरात राहूनही हिंदूच राहिले.

आमच्या शाळेतही एक ख्रिस्ती सर होते. पहिलं वर्षभर मी त्यांच्या डब्याला हात लावला नाही. त्यांनी कारण कधी विचारलं नाही, डबा मात्र रोज पुढे सरकवला. असो.

५ मे १९१८ला भादलीजवळ रेल्वेखाली ठोंबरे गेले. पुढच्याच मे महिन्यात टिळकही गेले.