हायड्रोजन बंध

ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा फ्लुओरीन यांसारख्या विद्युतऋण अणूला जोडलेला हायड्रोजन आणि जवळच्या दुसऱ्या विद्युतऋण अणूवरील मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी यांच्यातील आकर्षण. ते बहुधा दोन रेणूंमध्ये, तर कधी एकाच मोठ्या रेणूच्या दोन भागांमध्ये आढळते.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन सहसंयुज बंधाने जोडलेले असतात. इलेक्ट्रॉनांची जोडी दोघांत सामाईक असते. मात्र ऑक्सिजन ती आपल्याकडे ओढून घेतो. त्यामुळे त्याच्यावर अंशतः ऋण आणि हायड्रोजनवर अंशतः धन प्रभार येतो. हायड्रोजनपाशी आतल्या कक्षेत दुसरे इलेक्ट्रॉन नसतातच. परिणामी त्याचे केंद्रक एका बाजूने जवळजवळ उघडे पडते आणि शेजारच्या रेणूतील ऑक्सिजन त्याच्या बराच जवळ येऊ शकतो. वेंडेल लॅटिमर आणि वर्थ रोडबुश यांनी १९२० मध्ये ही कल्पना पाण्याच्या संदर्भात मांडली. पुढे लायनस पाउलिंग यांच्या लेखनामुळे ती रूढ झाली.

पाण्यातील सहसंयुज बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा लागते, हायड्रोजन बंधाला जेमतेम २०. पाठ्यपुस्तकांत तो तुटक रेषेने दाखवतात. ती रेषा स्थिर भासते; द्रव पाण्यात मात्र असा बंध सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतकाही टिकत नाही. एक तुटतो, लगेच दुसरा जुळतो. पाणी उकळते तेव्हा तुटतात ते हेच बंध. रेणू शाबूत राहतात, म्हणून वाफ हे पाणीच असते. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूहून जड, पण त्यात हे बंध नगण्य असल्याने तो पदार्थ उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळतो. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी बांधला जातो. ही रचना पोकळ असल्याने बर्फाची घनता पाण्याच्या ०.९२ पटीच्या आसपास राहते आणि तो पाण्यावर तरंगतो.

सुती कापडातील सेल्युलोजच्या साखळ्याही याच बंधांनी एकमेकींना धरून असतात. पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की ओलावा आणि उष्णता यांमुळे जुने बंध सुटतात, आणि कापड सुकताना सपाट स्थितीत नवे जुळतात. सुरकुत्या जातात त्या अशा.

डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकावरील अ‍ॅडेनीन दुसऱ्यावरील थायमीनशी दोन, तर ग्वानीन सायटोसीनशी तीन हायड्रोजन बंधांनी जोडलेले असते. पेशीत डीएनएची प्रत तयार होताना हे बंध सुटून धागे विलग होतात. प्रत्येक धाग्याचा कणा सहसंयुज बंधांचा असल्याने तो अखंड राहतो.